राधानगरी, दाजीपूर, फोंडा : सोसायटीच्या सायकल ग्रुपवरची चर्चा

ए ४०३ (रात्री ८:१०)
नमस्कार मंडळी. रंकाळ्यावर ठरल्याप्रमाणे जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी सायकलवरून दाजीपूर करायचं. पहिल्या दिवशी कोल्हापूर ते राधानगरी, साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी धरणाच्या कडेने दाजीपूरचं अभयारण्य, मग फोंडा घाट उतरून खाली कोकणातल्या फोंड्यात जेवण. येताना सायकली टेम्पोत आणि आपण मिनीबसमध्ये. ज्यांना यायचंय त्यांनी नाव आणि फ्लॅट नंबर टाका.

बी २०१
आम्ही दोघं. 🙋

डी ३०४
मी आणि धाकटा भाऊ. पण दादा, दोन दिवस कशाला? पहाटे ३ ला निघालो तर एका दिवसात फोंडा होतोय की. मुक्कामाचा खर्च वाचेल.

बी ५०३
+१. आपला ग्रुप तयारीचा आहे. नाद खुळा करू.

ए ४०३
ताकदीबद्दल शंका नाही, दोघंही माझ्यापेक्षा दमदार आहात. अडचण वेळेची आहे. ३ ला निघालं तर परिते-भोगावतीचा पट्टा अंधारात पार करावा लागेल. सध्या उसाचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला. उसाचे शेंडे बाहेर आलेले असतात, ते सायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीला येतात. या रस्त्यावर अंधारात एकही माणूस सायकलवर नको, ही माझी पहिली अट.

सी १०२
बरोबर बोललास. मी त्या रस्त्याला एस.टी. चालवली आहे. हंगामात आम्हाला एवढी मोठी गाडी घेऊनसुद्धा जपून जावं लागायचं. पोरांनो, उजाडल्यावरच निघा.

डी ३०४
ठीक आहे मामा, तुम्ही म्हणताय तर. 🙏

ए ३०१
पण मग दुसऱ्या दिवशी तरी लवकर निघू. पहाटे पाचला राधानगरी सोडलं तर दाजीपुरात गवे दिसतील ना? मुलांना दाखवायचे आहेत. यूट्यूबवर एकांनी अगदी जवळून व्हिडिओ काढलाय.

ए ४०३
वहिनी, याचसाठी उशिरा निघायचं म्हणतोय. जरा सविस्तर लिहितो, सगळ्यांनी वाचा.

गवा पहाटे आणि संध्याकाळी चरायला, पाण्यावर यायला बाहेर पडतो. उन्हं वर आली की कळप सावलीत जाऊन रवंथ करत बसतो. त्यामुळे अभयारण्याचा पट्टा आपण सकाळी ९ ते ११ मध्ये ओलांडायचा आणि परतताना दुपारी ४ च्या आत त्यातून बाहेर यायचं. दिसला तर आनंदच आहे, पण त्याच्या वेळेला आपण त्याच्या वाटेवर जायचं नाही.

दुसरी गोष्ट सायकलची. मोटार लांबून ऐकू येते, जनावर आधीच बाजूला होतं. सायकलला आवाजच नाही. गव्याचं नाक आणि कान तीक्ष्ण, पण वारा आपल्या तोंडावर असला तर त्याला वासही जात नाही. वळण संपलं की आपण एकदम त्याच्यासमोर! हजार किलोपर्यंत वजन भरणारा नर दचकला तर काय होईल याचा विचार करा. गवा स्वभावाने लाजाळू आहे, उगाच अंगावर येत नाही. दचकला, कोंडला गेला किंवा सोबत वासरू असलं तर मात्र येतो.

बी ५०३
म्हणजे स्पीकर लावून जायचं का? मी माझा मोठा ब्लूटूथ घेतो, कॅरिअरला बांधता येतो.

ए ४०३
नाही रे, स्पीकर अजिबात नको. अभयारण्य त्यांचं घर आहे, तिथे गाणी वाजवणं नियमातही बसत नाही आणि मनालाही पटत नाही. नेहमीच्या आवाजात एकमेकांशी बोलत जायचं. समोरचं दिसत नाही अशा प्रत्येक वळणाआधी पुढच्याने दोनदा घंटी वाजवायची. एवढं पुरतं. माणसाचं साधं बोलणं ऐकलं की जनावर आपणहून आत जातं.

ए ३०१
आणि समोर आलाच तर?

ए ४०३
थांबायचं. सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरायची आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरकायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. तो आडवा उभा राहून आपलं अंग दाखवू लागला, फुरफुरला, मान खाली घातली, तर तो 'जा' म्हणतोय. कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचं जनावर गेलं असं वाटल्यावरही थोडा वेळ थांबा. वासरं मागे राहिलेली असतात आणि आई त्यांच्यासाठी परत फिरते.

सी ४०१
माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं, म्हणून सांगते. तुम्हाला गवा दिसला की आनंद होतो, आमच्या भावाला दिसला की पोटात गोळा येतो. भाताचं आणि उसाचं उभं पीक एका रात्रीत तुडवतो. माझे वडील शेतातल्या माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवायचे. तरी कधी त्याच्या वाईटावर कोणी नव्हतं. त्याला 'तो' म्हणायचे, नाव घ्यायचे नाहीत. तुम्ही वाटेत गावात थांबलात तर 'इथे गवे कुठे दिसतात' असं हसत विचारू नका. ज्याचं शेत गेलंय त्याला ते लागतं.

ए ४०३
काकू, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ही सूचना मी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा टाकणार आहे.

बी २०१
काकू 🙏 पुण्यात कोथरूडमध्ये गवा आला होता तेव्हाचं आठवलं. डिसेंबर २०२०. लोक मागे धावत होते, मोबाईल घेऊन. बिचारा पळून पळून दमला आणि शेवटी त्याचा जीव गेला. टीव्हीवर बघवत नव्हतं.

सी ४०१
हो. त्या दिवशी आमच्या घरी कोणी नीट जेवलं नव्हतं.

ए ४०३
तेच. म्हणून कोणीही त्याच्या मागे मोबाईल घेऊन जाणार नाही, हे आत्ताच ठरवू. ड्रोनसुद्धा नाही (सी ३०२, तुझं नवं ड्रोन आहे माहितेय, पण ते घरीच ठेव).

सी ३०२
ओके दादा. घरी ठेवतो. 👍

ए २०४
अभयारण्याच्या आतही सायकली नेता येतील का? तिथल्या सावराई सड्याचे (पठाराचे) फोटो खूप सुंदर आहेत.

ए ४०३
नाही. आपण फक्त देवगड-निपाणी राज्यमार्गावरून जाणार. आतल्या जंगलात फाटकावर नोंद करून, फी भरून, गाईडबरोबर गाडीतूनच जायचं असतं. ज्यांना ते हवं आहे त्यांच्यासाठी आपण वेगळी सहल काढू. मे-जूनमध्ये काजवे असतात तेव्हा काढली तर सोन्याहून पिवळं. उगवाई देवीच्या देवळापाशी मात्र थांबू, तिथून खालचं खोरं दिसतं.

आणि एक. मुलांना एवढं जरूर सांगा, की दाजीपूरचं हे जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राखलं गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. लोक कासचं नाव घेतात. आपलं राधानगरी त्याच यादीत आहे हे आपल्याच जिल्ह्यात कितीजणांना ठाऊक आहे? मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

बी ५०३
आणि धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं ना?

ए ४०३
हो. गाव त्यांनी आपल्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावावरून वसवलं. धरणाचं काम त्यांच्या काळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात, त्यांना वीज लागत नाही. पावसाळ्यात 'अमुक नंबरचा दरवाजा उघडला' अशी बातमी येते आणि पंचगंगेकाठी सगळे कान टवकारतात, ती हीच. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिथे चालत जाऊ.

सी १०२
आता घाटाचं मी सांगतो. चढ सोपा आहे, उतार नाही. बसला इंजिनचा ब्रेक असतो, ज्या गिअरात चढायचं त्यातच उतरायचं. सायकलला तसं काही नाही, सगळा भार दोन रबरांवर. सतत दाबून ठेवलं की रिम तापते आणि ट्यूब फुटते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. दोन सायकलींत पन्नास पावलं अंतर. आणि वळणावर एस.टी.ला सगळा रस्ता लागतो. खालून बस येताना दिसली की डावीकडे घेऊन पाय टेका आणि ड्रायव्हरला हात करा. तो पण हात करेल.

डी ३०४
मामा, तुम्हीच चला की मिनीबसमध्ये. पुढच्या सीटवर बसून रस्ता सांगा.

सी १०२
गुडघा बरा असला तर येतो. फोंड्यात जेवण कुठलं ठरवलंय?

ए ४०३
मामा, तुम्ही आलात तर ती जोडणी तुम्हीच लावा. 😄 मासे खाणारे किती, शाकाहारी किती तेवढं सगळ्यांनी कळवा.

बी ३०३
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला यायचंच आहे. तिला आणू का? घाटाची भीती वाटते.

ए ४०३
वहिनी, पहिला दिवस तिने पूर्ण चालवू दे, रंकाळ्यावर तिचा वेग मी बघितलाय. दुसऱ्या दिवशी दाजीपूरपर्यंत आपल्याबरोबर, मग घाट सुरू व्हायच्या आधी सायकल टेम्पोत आणि ती मिनीबसमध्ये. सोळा वर्षांखालच्या सगळ्यांना हाच नियम, तिला एकटीला वेगळं वाटायला नको.

बी ३०३
हे चालेल. ती ऐकून नाचतेय. 🙏

ए २०४
खाण्याचं काय? केळी, चिक्की मी आणते. कुरकुरे-बिस्किटांचे पुडे पण घेऊ का?

ए ४०३
केळी, चिक्की, शेंगदाणे-गूळ, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पुडे नकोत, ते वाऱ्यावर उडतात. केळीची सालंसुद्धा पिशवीत परत आणायची. माकडांना काही द्यायचं नाही. एकदा सवय लागली की ती गाड्यांच्या चाकाखाली येतात, वर्षभर रस्त्यावरच बसतात. जंगलात जांभूळ, हिरडा, अंजन आहे, त्यांना आपल्या केळ्याची गरज नाही.

सी ३०२
मोबाईलला रेंज?

ए ४०३
दाजीपूरच्या पुढे भरवसा नाही. म्हणून सगळ्यात पुढे मी आणि सगळ्यात मागे बी २०१ चे दादा. त्यांच्या मागे कोणीही राहायचं नाही, त्यांच्या मागे फक्त टेम्पो. दर पाच किलोमीटरला सगळे एकत्र येऊन डोकी मोजायची, मगच पुढे.

बी २०१
मान्य. मी पंप, दोन ट्यूब आणि ॲलन कीचा संच घेतो. ज्यांच्या सायकलला २६ इंची चाकं आहेत त्यांनी आपली ट्यूब स्वतः आणा, ती माझ्याकडे नाही.

ए ४०३
उत्तम. या रविवारी सकाळी ७ वाजता पार्किंगमध्ये सगळ्यांच्या सायकली तपासू. ब्रेकची रबरं झिजलेली असतील तर त्याआधी बदलून या. घंटी नसलेली सायकल घेणार नाही. आत्तापर्यंतची नावं: ए ४०३, ए ३०१ (तिघं), ए २०४, बी २०१ (दोघं), बी ३०३ (दोघी), बी ५०३, सी ३०२, डी ३०४ (दोघं). सी १०२ मामांचं गुडघ्यावर अवलंबून.

सी १०२
गुडघ्याला विचारलं. येतोय. मी मासे खाणारा, लिहून घे.