लायब्ररी नुसती लोड केली तरी नॅन येतो, राउंडिंग मोड मात्र जागच्या जागी

मातीपाणी
नमस्कार मंडळी. शेतजमिनीत नायट्रेट कसं झिरपत खाली जातं, याचं मॉडेल मी सीमध्ये लिहिते आहे. मातीचा एक उभा स्तंभ, त्याचे २००० कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात डबल प्रकारच्या संख्येत साठवलेली एक तीव्रता. दोन वर्षांचं काम आहे. प्रोग्राम एकटा चालवला की उत्तरं आमच्या मोजणीशी छान जुळतात.

परवा गटातल्या एका सहकाऱ्याने समीकरणं सोडवणारी छोटी .एसओ (शेअर्ड) लायब्ररी करून दिली. ती मी डीएलओपनने, प्रोग्राम चालू असतानाच, लोड करते. अजून तिचं एकही फंक्शन मी बोलावलेलं नाही. तरीही काही हजार टप्प्यांनंतर प्रदूषणाच्या शेपटीतल्या एका कप्प्यात नॅन (संख्याच नसलेली किंमत) उगवतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला दोन्ही बाजूंनी एकेक कप्पा गिळत जातो. लोड करण्याची ओळ काढली की सगळं पूर्ववत.

गणित चुकलं की प्रोग्राम थांबवणारं फेइनेबलएक्सेप्ट लावून जीडीबी या डीबगरमध्ये चालवलं, तर लिमिटरच्या (शेजारच्या कप्प्यांमधला उतार आवरणाऱ्या सूत्राच्या) गुणोत्तराच्या ओळीवर सिगएफपीई, म्हणजे गणितातल्या चुकीचा इशारा, आला. तिथे पुढच्या कप्प्यातून हा कप्पा वजा करून भागायचं असतं, म्हणून त्याआधी मी दोन्ही कप्पे वेगळे आहेत ना, हे तपासते. थांबला तेव्हा एका कप्प्यात साधारण ५ई-३०८ (५ गुणिले १०चा उणे ३०८वा घात) होतं, दुसऱ्यात ३ई-३०८. दोन्ही वेगळे, तपासणी पार झाली, आणि वजाबाकी मात्र शून्य! राउंडिंग मोड, म्हणजे उत्तर कोणत्या दिशेला वळवायचं ते, फेगेटराउंड लोड करण्याआधी आणि नंतर एकच सांगतो: जवळच्या अंकाकडे. मग बदललं काय? उबुंटू २२.०४, कंपाइलर जीसीसी ११.

जुनेखोड
ताई, सहकाऱ्याला एवढंच विचारा, लायब्ररी लिंक करताना फास्ट-मॅथ किंवा ओफास्ट दिलं होतं का? माझी खात्री आहे की दिलं असणार.

हा पर्याय कंपाइलरला गणितात मोकळीक देतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तोच लिंक करतानाही दिला, तर जीसीसी क्रटफास्टमॅथ.ओ नावाची फाइल गुपचूप जोडतं. तिच्यात एक कन्स्ट्रक्टर असतो आणि तो लायब्ररी लोड होताक्षणी चालतो. म्हणून फंक्शन बोलवायची गरजच पडली नाही. तो प्रोसेसरच्या एमएक्ससीएसआर रजिस्टरमधले एफटीझेड (फार लहान उत्तर शून्य करणारा) आणि डीएझेड (आत आलेली फार लहान संख्या शून्य मानणारा) हे दोन बिट चढवतो. लोड करण्याच्या आधी आणि नंतर _एमएम_गेटसीएसआर छापून बघा. एरवी १एफ८० दिसतं, तुम्हाला ९एफसी० दिसेल.

फेगेटराउंडला हे दिसत नाही, कारण सी९९ मानकाच्या फेन्व्ह.एच हेडरमध्ये राउंडिंगच्या दिशा आहेत, अपवादांचे झेंडे आहेत, पण या दोन बिटांना नावच नाही. फेगेटएन्व्ह मात्र ग्लिबसीवर (लिनक्सच्या सी लायब्ररीवर) अख्खं रजिस्टर उचलून ठेवतो. म्हणून आजचा उपाय: डीएलओपनच्या आधी फेगेटएन्व्हने जपून ठेवा, लगेच नंतर फेसेटएन्व्हने परत बसवा. मधे थ्रेड सुरू करू नका. नवा थ्रेड ज्या थ्रेडने तयार केला त्याचीच मांडणी घेऊन सुरू होतो, आणि तो बिघडलेलाच राहील.

खरा उपाय मात्र त्या लायब्ररीतच आहे. लिंकच्या ओळीतून तो पर्याय काढायचा. जीसीसी १३पासून शेअर्ड लायब्ररीला ही फाइल जोडणंच बंद झालं आहे.

उणेशून्य
वजाबाकी शून्य का झाली, ते नीट पाहण्यासारखं आहे. डबलमधली सर्वांत लहान नॉर्मल संख्या साधारण २.२२५ई-३०८. तुमचे दोन्ही आकडे तिच्या वर आहेत, म्हणून तुलना बरोबर झाली. फरक २ई-३०८, म्हणजे तिच्या खाली. एरवी तो डिनॉर्मल, म्हणजे नॉर्मलहून लहान संख्या, म्हणून जिवंत राहिला असता. एफटीझेडने तो शून्य केला. पुढे गुणोत्तर अनंत. तुमचा लिमिटर व्हॅन लीअर यांच्या सूत्राचा असेल, तर तिथे अनंत भागिले अनंत होऊन नॅन तयार होतो.

दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांचा फरक शून्य नसेल, ही हमी फुकट मिळालेली नाही. संगणकातल्या अशा संख्यांचे नियम ठरवणाऱ्या १९८५च्या आयईईई ७५४ मानकाच्या आधी संगणकगणिताचे तज्ज्ञ विल्यम काहान यांनी हळूहळू होणाऱ्या अंडरफ्लोचा (लहान उत्तर एकदम शून्य न करता डिनॉर्मलमधून उतरवण्याचा) आग्रह धरला आणि डेक या संगणक कंपनीचा त्याला कडवा विरोध होता. त्याच कंपनीने गणितज्ञ पीट स्ट्युअर्ट यांना अभ्यास करायला सांगितलं, आणि त्यांचा कौल काहान यांच्या बाजूने पडला. तुमची ती तपासणी त्याच हमीवर उभी आहे. वेगासाठी डिनॉर्मल बंद करणारे लोक आहेत, आवाजावर प्रक्रिया करणाऱ्यांना ते परवडतंही. पण ते आपल्या प्रोग्रामपुरतं करावं, दुसऱ्याच्या थ्रेडमध्ये शिरून नव्हे.

मातीपाणी
छापून पाहिलं. आधी १एफ८०, नंतर ९एफसी०, अगदी अक्षरन् अक्षर. लिमिटर व्हॅन लीअरचाच आहे. फेगेटएन्व्ह-फेसेटएन्व्ह घातलं आणि चाळीस हजार टप्पे एकही नॅन न येता पार पडले. सहकाऱ्याने मेकफाइल दाखवली, कंपाइल आणि लिंक दोन्हीकडे एकच झेंडे (कंपाइलरला द्यायचे पर्याय) जात होते. उद्या बदलतो म्हणाला. कसे आभार मानू कळत नाही, मी दोन दिवस स्वतःच्याच समीकरणांवर संशय घेत होते.

आणखी एक विचारते. त्रुटीची वरची मर्यादा काढायला एका फंक्शनात फेसेटराउंडने मी वरच्या दिशेला जाते. त्यातही असं काही अडतं का?

जुनेखोड
अडतं. माझ्या अशाच एका फंक्शनात मधेच एक रिटर्न होता. तिथून बाहेर पडलं की मोड वरच्याच दिशेला राहायचा आणि नंतरच्या सगळ्या बेरजा शेवटच्या अंकात वर सरकायच्या. सापडायला आठवडा गेला. जुना मोड आत शिरताच जपून ठेवा, आणि बाहेर पडायला एकच दार ठेवा.

दुसरं म्हणजे, मानकातला फेन्व्ह-अॅक्सेसचा प्राग्मा (मोड बदलू शकतो, असं कंपाइलरला सांगणारी ओळ) जीसीसी पाळत नाही. १.० भागिले ३.० अशी स्थिर संख्या तो कंपाइल करतानाच जवळच्या अंकाकडे वळवून ठेवतो, तुमचा मोड त्याला लागूच होत नाही. त्या फाइलला एफ-राउंडिंग-मॅथ हा झेंडा द्या, आणि जिथे शंका असेल ते चल व्होलाटाइल करा, म्हणजे कंपाइलर त्याची किंमत आधीच काढून ठेवणार नाही. मग एक तृतीयांश वर आणि खाली दोन्ही दिशांनी काढून सतरा अंकांपर्यंत छापा. शेवटचा अंक वेगळा दिसला नाही, तर मोड अजून पोचलेला नाही.

मातीपाणी
छापलं. झेंडा न देता दोन्हीकडे ०.३३३३३३३३३३३३३३३३१. झेंडा आणि व्होलाटाइल दिल्यावर वरच्या दिशेला शेवट ३३७ असा आला. माझ्या मर्यादा आता पुन्हा काढायला घेते.