मदत हवी आहे: जर्मनीतलं मास्टर्स वेळेत संपवू की एक सेमिस्टर लांबवू?

पामबीचची_पोर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय इथे, लिहिते पहिल्यांदाच. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी नेरूळची. इथेच इंजिनियरिंग केलं, मग ऐरोलीला एका कंपनीत टेस्टिंगमध्ये होते, आणि एप्रिल २०२४ पासून जर्मनीत खेम्निट्झला ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये मास्टर्स करतेय. गाव कोणालाच माहीत नसतं म्हणून सांगते, पूर्वेकडे आहे, लाइपझिग-ड्रेस्डेनच्या बाजूला. १९५३ ते १९९० त्याचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं आणि अजून भर रस्त्यावर मार्क्सचं अवाढव्य डोकं बसवलेलं आहे, नुसतं डोकं, धड नाही. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा म्हणाली हे काय विसर्जन अर्धवट राहिलंय का.

असो. तीन सेमिस्टर झाली, सगळे विषय निघाले, मार्क बरे आहेत, आता फक्त थीसिस बाकी. परीक्षा संपल्या संपल्या गणपतीला घरी आलेय आणि सप्टेंबरच्या शेवटी परत जायचंय. त्याच्या आत ठरवायचंय की ऑक्टोबरला थीसिस रजिस्टर करून उन्हाळ्याच्या आत मोकळं व्हायचं, का एक सेमिस्टर थांबायचं, त्यात जर्मन पक्कं करायचं, वेर्कस्टुडंटचा (शिकता शिकता कंपनीत पार्टटाइम) जॉब शोधायचा आणि जमलं तर थीसिस कंपनीतच करायचा.

थांबायचं का वाटतंय ते सांगते. माझं जर्मन ए-टू लेव्हलपर्यंत झालंय, पुढची बी-वन अर्धवट. कोर्स पूर्ण इंग्लिशमध्ये आहे त्यामुळे युनिव्हर्सिटीत काही अडत नाही, बेकरीत, ट्राममध्ये निभावतं, पण कंपनीच्या इंटरव्ह्यूला फजिती होते. एका ठिकाणी टेक्निकल राउंड मस्त झाला, गाडीतल्या कॅन नेटवर्कच्या सिग्नलवर अर्धा तास बोललो आम्ही, समोरचा खुश, आणि शेवटी एचआरवाल्या बाईंनी सहज जर्मनमध्ये विचारलं की टीमची सकाळची मीटिंग जर्मनमध्ये असते, चालेल ना. मी "या, या" म्हटलं आणि पुढचं वाक्यच येईना. दोन दिवसांनी नकाराची मेल. त्यात गाड्यांच्या धंद्याची अवस्था तुम्ही वाचताच, फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला की २०३० पर्यंत पस्तीस हजारांवर नोकऱ्या कमी करायच्या, आणि त्यांचा स्विकाऊचा प्लांट आमच्या शेजारच्याच गावात. सीनियर सांगतात की दोन-तीन वर्षांपूर्वी इंग्लिशवर निभावत होतं, आता त्याच जागेला जर्मन येणारे पन्नास जण उभे असतात.

आता दुसरी बाजू. ट्यूशन फी नाही आमच्याकडे, पण राहण्याखाण्यासाठी लोन घेतलंय, घर तारण ठेवून. (नेरूळचा फ्लॅट म्हणजे सिडकोची लीज, तारण ठेवायला सिडकोची एनओसी लागते, त्यासाठी पप्पांनी बेलापूरला ज्या खेपा घातल्या त्यावर वेगळा धागा होईल.) मी गेले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) महिन्याला ९३४ युरो दाखवावे लागत होते, सप्टेंबर २०२४ पासून ९९२ झालेत. म्हणजे सहा महिने वाढवले की ५,९५२ युरो, आणि युरो शंभरच्या वर गेलाय, म्हणजे सहा लाखांच्या वरच झाले. पप्पा रबाळेला एमआयडीसीत आहेत आणि पुढच्या मे मध्ये रिटायर होतायत. तोंडाने काही बोलत नाहीत, पण कालनिर्णयवर जिथे आई दुधाचा हिशोब लिहायची त्याच चौकटीत आता रोज युरोचा भाव लिहिलेला असतो, पेन्सिलने, एवढ्याएवढ्या अक्षरात. ते बघितलं की मला वाटतं उद्याच थीसिस सबमिट करावा.

आईचं मत की परत जाऊच नको, पण ते मत दर वेळी असतं. गणपतीला आलेल्या प्रत्येकाने "मग, लागला का जॉब" विचारलंय, शिक्षण चालू आहे हे कोणाच्या गावीच नाही.

तर जे यातून गेलेत त्यांनी सांगा, मास्टर्स लांबवल्याचा पुढे व्हिसाला किंवा नोकरीला त्रास होतो का, लोनचं काय होतं, आणि मुळात हे करण्यासारखं आहे का?

नौपाडा_ते_स्टुटगार्ट:

ताई, मी पण पूर्वेकडच्याच युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलंय, आता सहा वर्षं नोकरी. स्पष्ट सांगतो, घाईने डिग्री हातात घेऊ नकोस.

तू स्टुडंट आहेस म्हणून काय काय मिळतंय याचा हिशोब कोणी करत नाही. हेल्थ इन्शुरन्स स्टुडंट रेटने दीडशे युरोच्या आसपास, डिग्री झाली की तो रेट गेला, जॉब लागेपर्यंत स्वतःचा स्वतः भरा आणि तो महाग पडतो. सेमिस्टर तिकीट, म्हणजे प्रवासाचा पास, गेला. होस्टेलची खोली गेली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वेर्कस्टुडंट म्हणून कोणी घेणार नाही, कारण त्याला एनरोलमेंट लागते. आणि इथे फ्रेशरला आत शिरायचा तोच दरवाजा आहे. माझ्या टीममध्ये गेल्या दोन वर्षांत जे फ्रेशर घेतले ते सगळे आधी आमच्याकडेच वेर्कस्टुडंट होते किंवा थीसिस आमच्याकडे केला होता. बाहेरून सीव्ही पाठवून आलेला एकही नाही.

आणि एक सेमिस्टर जास्त लागलं म्हणून कोणी विचारत नाही, जर्मन पोरं स्वतः आरामात तीन-तीन वर्षं मास्टर्स करतात. आपल्याकडे केटी लागल्यासारखं वाटतं तसं तिकडे नाही.

एकच गोष्ट नीट लक्षात ठेव, थीसिस एकदा एक्झाम ऑफिसला रजिस्टर केला की मुदत सुरू होते. म्हणून कंपनी आणि प्रोफेसर दोघं हो म्हणेपर्यंत रजिस्टर करू नकोस, वाचन चालू ठेव, त्याला कोणी अडवत नाही.

खारघरचे_काका:

मी बँकेत कर्ज विभागात होतो, आता निवृत्त. जर्मनीचं मला कळत नाही, लोनचं सांगतो.

बेटा, बँकेकडे तुझ्या कोर्सची संपायची तारीख लिहिलेली आहे आणि त्यापुढे सहा महिने किंवा वर्ष, जे तुझ्या सँक्शन लेटरमध्ये असेल ते, धरून हप्ता सुरू होईल. तू तिकडे सेमिस्टर वाढवलंस हे बँकेला स्वप्नात कळणार नाही. कोर्स वेळेत पूर्ण झाला नाही तर मुदत वाढवून द्यायची तरतूद असते, पण ती आपोआप लागू होत नाही. युनिव्हर्सिटीचं पत्र आण, नवी तारीख लिहिलेलं, आणि पप्पांना ब्रँचला अर्जासोबत द्यायला सांग, पोच घ्यायला सांग. हप्ता सुरू व्हायच्या आधी द्या, नंतर नाही.

दुसरं, मोरॅटोरियममध्येही, म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळातही, व्याज चढतच असतं. पप्पा आत्ताच व्याज भरतायत का? भरत असतील तर इन्कम टॅक्समध्ये ८०ई ची वजावट मिळते, पण ती व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठच वर्षं. आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर मिळतच नाही. रिटायर झाल्यावर त्यांचं उत्पन्न कमी होणार, तेव्हा वजावट घेऊन फायदा किती, हे सीएला एकदा विचारा.

कळवा_लोकल:

मी उलट सांगेन. मी वेळेत संपवलं आणि बरं झालं असं वाटतं. डिग्रीनंतर जॉब शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं आणि त्यावर कुठलंही काम करता येतं, कितीही तास. स्टुडंट असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस नाहीतर २८० अर्धे दिवस हे बंधन आहेच. मी सात महिने गोडाऊनमध्ये पॅकिंग केलं, सकाळी काम, संध्याकाळी जर्मनचा क्लास, घरून एक पैसा मागवला नाही. घरची परिस्थिती टाइट असेल तर हा पण रस्ता आहे.

हां, दमायला होतं. आणि दर महिन्याला परमिटची तारीख जवळ येताना दिसते त्याचं टेन्शन वेगळंच. सातव्या महिन्यात बी-टू झालं आणि मग जॉब लागला, म्हणजे शेवटी जर्मनच कामाला आलं.

नौपाडा_ते_स्टुटगार्ट:

@कळवा_लोकल, तू काढलंस निभावून, मानलं. पण ते सात महिने सीव्हीवर काय लिहिलंस? ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये तेवढी गॅप आत्ताच्या मार्केटमध्ये जड जाते. आणि १८ महिने हे राखीव ठेवायचे दिवस आहेत, सुरुवातीलाच का खर्च करायचे. बरं, तिचं जर्मन बी-वनसुद्धा नाही, म्हणजे त्यातले पहिले सहा-आठ महिने भाषेतच जाणार. तेच महिने स्टुडंट असताना घालवले तर घड्याळ बंद असतं.

सडेतोड_सानपाडा:

एवढं कर्ज काढून तिकडे भाषा शिकत बसण्यापेक्षा इथे राहिली असतीस तर आत्तापर्यंत ऐरोलीत टीम लीड झाली असतीस. सगळ्यांना फॉरेन पाहिजे.

पामबीचची_पोर:

@सडेतोड, ऐरोलीत टीम लीड झालेले माझे मित्र मला जर्मनीच्या एपीएसची (व्हिसाआधीच्या कागदपत्र तपासणीची) प्रोसेस विचारतायत. असो.

@काका, खूप धन्यवाद, पत्राचं डोक्यातच आलं नव्हतं. व्याज पप्पा भरतायत आणि रिजीम नवीन आहे, आजच विचारलं, म्हणजे ८०ई चा विषय संपलाच.

@नौपाडा, पैशाचं गणित मांडून बघितलं. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. आठवड्याला दहा तास धरले तर महिन्याला साडेपाचशेच्या आसपास, वीस तास मिळाले तर अकराशे. म्हणजे वेर्कस्टुडंटचा जॉब लागला तर घरून काहीच लागत नाही, नाही लागला तर सगळंच लागतं. सगळं त्या एका "तर"वर आहे. डिपार्टमेंटमध्ये एका प्रोफेसरांकडे हिवी (स्टुडंट असिस्टंट) म्हणून दहा तास मिळतील असं वाटतंय, लॅबमधल्या टेस्ट बेंचचं काम आहे. ते घेऊ का, की त्या नादात कंपनीचं राहून जाईल? आणि परमिट वाढवताना पूर्ण ९९२ दाखवावे लागतात की पगार धरतात?

नौपाडा_ते_स्टुटगार्ट:

डोळे झाकून घे. युनिव्हर्सिटीतलं हिवी काम त्या १४० दिवसांत मोजत नाहीत, म्हणजे कंपनीसाठी दिवस शिल्लक राहतात. आणि टेस्ट बेंच म्हणतेस तर त्याच प्रोफेसरांच्या कुठल्यातरी कंपनीशी ओळखी असणारच, कंपनीतला थीसिस बहुतेक वेळा तिथूनच निघतो. मेल पाठवू नकोस, भेटीच्या वेळेत जाऊन समोर बस आणि सांग की मला कंपनीत थीसिस करायचाय, तोपर्यंत तुमच्याकडे काम करते.

परमिटसाठी माझ्या वेळी काँट्रॅक्ट आणि पगाराच्या स्लिपा लावल्या, त्यांनी तेवढी रक्कम धरली आणि उरलेलीच दाखवायला लावली. पण प्रत्येक गावचं फॉरेनर्स ऑफिस वेगळं, मेल करून लेखी उत्तर घे. अभ्यासात प्रगती आहे का हे बघतात, तुझे विषय सगळे निघालेत म्हणजे तिथे चिंता नाही. परमिट संपायच्या आधी अर्ज गेला पाहिजे एवढंच.

सीवूड्स_मावशी:

माझा मुलगा तिकडेच आहे म्हणून सांगते. महिनाभर इथे आहेस तर बी-वनची परीक्षा काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनला (जर्मन शिकवणारी संस्था) देता येते का बघ, नेरूळहून हार्बरने सीएसएमटी आणि पुढे चालत. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं चार भाग असतात आणि वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात शंभरातले साठ लागतात. जे पक्कं असेल ते देऊन टाक, बोलण्याचं राहिलं तर तिकडे दे. तारखा पटापट भरतात, आजच बघ. पुढे पर्मनंट रेसिडेन्सीलाही बी-वन मागतात, तिथली डिग्री असेल तर नोकरीच्या दोन वर्षांनी अर्ज करता येतो, त्यामुळे ते सर्टिफिकेट वाया नाही जात.

आणि पप्पांना म्हणावं रोज भाव बघू नका, मीही बघायचे, बीपी वाढतं.

पामबीचची_पोर:

मावशी, हसले खूप. आत्ताच बघितलं, सप्टेंबरच्या सगळ्या जागा गेल्या, पण तिकडे लाइपझिगला नोव्हेंबरमध्ये दिसतेय, फॉर्म भरतेय.

रात्री पप्पांना हा धागा वाचून दाखवला. ठरलंय असं की ऑक्टोबरला रजिस्टर करायचं नाही. हिवी घ्यायचं, डिसेंबरपर्यंत कंपनी बघायची, आणि नाताळापर्यंत काहीच हाती लागलं नाही तर जानेवारीत डिपार्टमेंटमध्येच थीसिस सुरू करून टाकायचा, म्हणजे फार तर तीन महिने गेले. पप्पांचा एकच प्रश्न आहे, हिवीचं काँट्रॅक्ट किती महिन्यांचं असतं, मे पर्यंत चालेल का?

नौपाडा_ते_स्टुटगार्ट:

माझं सहा महिन्यांचं होतं, मग वाढवलं. ऑक्टोबरला धरलंस तर मार्चपर्यंत, फेब्रुवारीतच वाढवून मागायचं, प्रोफेसरकडे त्या वर्षीचा फंड शिल्लक असेल तर मिळतं. आणि जानेवारीत डिपार्टमेंटमध्ये थीसिस करायची वेळ आलीच तर विषय त्याच टेस्ट बेंचवरचा माग.