गुणसूत्रातला दोष मुलांकडे जातोच असं नाही

‘कर्करोगाच्या रुग्णाच्या गुणसूत्रात दोष सापडला म्हणजे तो कर्करोग मुलांनाही होणार’ असं एका प्रतिसादात आलंय. या समजापायी घरं हादरून जातात, म्हणून लिहिते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग घ्या. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसलं. त्याचा तुकडा गेला कुठे, ते १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केलेली असते. (घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवत बसायच्या त्या. मला फार आदर वाटतो या चिकाटीचा.) सांध्यावर दोन जनुकं जोडली जाऊन बीसीआर-एबीएल हे नवं जनुक तयार होतं. त्याचं प्रथिन पेशीला ‘वाढत राहा’ हा हुकूम सोडतच राहतं.

पण हे सगळं घडतं जन्मानंतर, अस्थिमज्जेतल्या एका पेशीत. स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत हा बदल नसतो, मग मुलांकडे जाणार कसा? रेटिनोब्लास्टोमासारख्या (डोळ्याचा कर्करोग) काही कर्करोगांत दोष जन्मतः येऊ शकतो, पण ते वेगळं.

सीएमएलच्या अहवालात ‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ (म्हणजे तेच आखूड गुणसूत्र सापडलं) वाचून खचू नका. इमॅटिनिबची गोळी नेमकं तेच प्रथिन रोखते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटची मागणी फेटाळली, त्यामुळे आपल्याकडे जेनेरिकही मिळते.