एकट्या माणसानं पोलवर चढायचं नाही, हे लेखी द्या

लाईनवाला_परभणी

मंगळवारी आमच्या वीज कंपनीच्या विभागीय ऑफिसात युनियन अन् प्रशासनाची बैठक झाली. विषय दोन होते, सुरक्षा आणि मनुष्यबळ. मी पण होतो, मागच्या रांगेत. सुरक्षेवर साहेब लोक पाऊण तास बोलले, हेल्मेट घाला, हातमोजे घाला, झुला बांधा, फोनवर बोलत चढू नका, सगळं बरोबर आहे, कोण नाही म्हणायलंय. पण मनुष्यबळाचा विषय निघाला की "तो वरच्या लेव्हलचा प्रश्न आहे" म्हणून पाच मिनिटात फाईल बंद. मला एवढंच म्हणायचंय की हे दोन विषय नाहीतच, एकच आहे.

माझ्याकडं सात गावं अन् चार वस्त्या. अकरा केव्हीचे (अकरा हजार व्होल्टचे) दोन फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मोठ्या लाईनी, एक गावठाण अन् एक शेतीचा. जागा मंजूर तीन, हजर मी एकटा, अन् ठेकेदाराचा एक पोरगा, तो पण दुसऱ्या सेक्शनला पळत असतो.

गेल्या मृगातली गोष्ट सांगतो. रात्री साडेनऊला वारं सुटलं अन् पिन इन्सुलेटर फुटला, फीडर ट्रिप. परमिट (लाईन बंद करून काम करायची परवानगी) घेतलं, एबी स्विचचं, म्हणजे पोलवरून लाईन तोडायच्या स्विचचं, हँडल खाली ओढलं, आवाज आला. म्हणलं तोडला. पुढच्या लाईनचं काम आपण करू, बाकीची गावं कशाला अंधारात ठेवायची, म्हणून ऑपरेटरला फोन करून फीडर चालू करायला सांगितला अन् पुढच्या पोलाकडं निघालो. डोळ्यात पाऊस चाललेला. नशीब त्या दिवशी पोरगं सोबत होतं. ते स्विचखाली बॅटरी मारत उभं होतं, तिथून वरडलं, "मामा थांबा, मधलं ब्लेड उघडलंच नाही!" कडेची दोन ब्लेडं उठली होती अन् मधलं गंजून तसंच चिकटून बसलं होतं. म्हणजे मी ज्या तारेला हात लावणार होतो तिच्यात अकरा केव्ही होतं.

दुसरा माणूस काय ओझं उचलायला लागत नाही, बघायला लागतो. मनून माझी मागणी एकच आहे. लाईनवरचं काम दोन माणसं असतील तरच करायचं, एकटा असला तर काम उद्या, अन् हे लेखी काढा. गावाला सांगायचं काम साहेबांनी करावं, पोलखाली उभ्या असलेल्या माणसानं नाही.

उपविभाग_अभियंता

मी दुसऱ्या जिल्ह्यात आहे, ऑफिसच्या वतीनं नाही, माझं स्वतःचं मत मांडतोय. तुमचा जीव वाचला याचा मनापासून आनंद आहे. पण तुमचीच गोष्ट परत वाचा. फीडर परत चालू झाल्यावर तार टेस्ट करायची, डिस्चार्ज रॉड (तारेतली वीज जमिनीत सोडणारा दांडा) लावायचा, काम करणार त्याच्या दोन्ही बाजूंनी अर्थ करायचं, म्हणजे तार जमिनीला जोडायची, मग हात लावायचा. एवढं केलं असतं तर एकट्या माणसालासुद्धा मधली तार जिवंत आहे हे कळलं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत, नियमांची कमतरता नाहीये. मागच्या महिन्यात मी अचानक तपासणीला गेलो तर एका अनुभवी माणसाचे हातमोजे गाडीच्या डिक्कीत प्लास्टिक न फोडता तसेच. वर्षभरापूर्वी दिलेले.

आणि भरती माझ्या हातात नाही हो. जागा मुख्यालय भरतं, खर्चाला नियामक आयोगाची मान्यता लागते कारण शेवटी तो वीजदरात येतो. मी "काम उद्या" असं लेखी दिलं तर त्या फीडरवर पाणीपुरवठ्याची मोटर असते, दवाखाना असतो, त्याचं उत्तर कोण देणार? रात्री दोनशे माणसं उपकेंद्रात घुसतात तेव्हा आत एक ऑपरेटर असतो फक्त. अपघात झाला की वीज कायद्याच्या कलम १६१ खाली कळवावं लागतं, विद्युत निरीक्षक येतात, पहिला जबाब माझा. मला काय झोप लागते का असं वाटतं तुम्हाला?

आयटीआय_वायरमन२३

साहेब मी ठेकेदाराकडंय. अडीच वर्षं झाली. आयटीआय केलंय वायरमन ट्रेडमधून. तुम्ही परमिटचं म्हणता ना, माझ्या नावावर परमिट निघतच नाही. परमिट निघतंय आमच्या लाईनमन मामाच्या नावावर, मामा असतेत एका गावात अन् मी दुसऱ्या गावात पोलवर. कागदावर मी तिथं नसतोच. चार मार्चला लाईनमन दिवस झाला तेव्हा सगळ्यांना गुलाबाचं फूल अन् फोटो, मी फोटोत मागं उभा आहे.

हातमोज्याचं खरंय, मी बी घालत नाही कधी कधी. एकच साईज येती, माझी बोटं लहान, मोजे घालून नट धरताच येत नाही, पाना सुटतो हातातून. पण न घालणं चूक आहे हे मला कळतंय. नाही म्हणायचा विषय तर सोडाच. एकदा म्हणलं पाऊस चालूय, नाही चढत. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन, "उद्यापासून नको येऊ, लई पोरं आहेत लाईनीत." हातापाया पडून परत गेलो.

साडेसात_एचपी

मी शेतकरी, गेवराईकडचा. सगळ्यांचं वाचलं. लाईनवाले दादा तुमच्यावर राग नाही पण तुमची मागणी मला पटत नाही, कामून ते सांगतो.

आमच्याकडं गेल्या वर्षी डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर अकरा दिवस आली नाही. वर्गणी करून टेम्पो आम्हीच केला. कापूस डोळ्यासमोर माना टाकायला लागला होता. लाईट रात्रीची, पाळी आली की बारा वाजता उठून जावं लागतं, साप विंचू सगळं बघून. अशात फ्यूज उडाला अन् वायरमन म्हणाला उद्या येतो, तर काय होतं माहीतय का? गावातला झिरो वायरमन चढतो. त्याला ना परमिट, ना मोजे, ना विमा. त्याला दोनशे रुपये दिले की तो चढतो अन् तो नसला तर आमचंच एखादं पोरगं काठी घेऊन डिओ (पोलवरचा फ्यूज) बसवायला जातं. तुमचा नियम तुम्हाला वाचवील हो, पण पोलवर कोणीतरी चढणारच आहे. तुम्ही खाली उतरले की आमचं पोरगं वर जाणार. हे मी चुलत्याच्या पोराचं बघितलंय, उजवा हात कोपरापासून गेला त्याचा. तेव्हा ना साहेब आले ना युनियन आली. तो तुमच्या कुठल्याच कागदात नव्हता.

लाईनवाला_परभणी

@साडेसात_एचपी दादा, तुमच्या भावाचं वाचून कसंतरी झालं. तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण उलट बाजू पण ऐका. मी तिकडं दोन किलोमीटरवर तारेला हात लावून बसलेला असतो अन् इकडं तुमचा झिरो डीपीवर काय करील ते मला कळत नाही. एखाद्यानं जनरेटर चालू करून मेन न पाडता घरात लाईन सोडली तर तीच लाईट उलटी डीपीवर जाऊन माझ्या तारेत येती, ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की तिकडून अकरा केव्हीच तयार होतंय. मनून मी भीतो झिरोला. तो वाईट माणूस नाही, पण आमची माणसं कमी झाली म्हणून तो तयार झालाय. तीन जागा भरल्या असत्या तर त्याला कोण बोलावलं असतं?

@उपविभाग_अभियंता साहेब, टेस्ट केलं नाही ही माझी चूक, मी ती बैठकीत पण कबूल केली. पण रॉडचं विचारा ना मला. सेक्शनला डिस्चार्ज रॉड एक आहे. एक. त्या रात्री तो दुसऱ्या गावी दुसऱ्या माणसाकडं होता, वीस किलोमीटरवर. मी तो आणायला गेलो असतो तर पहाट झाली असती, अन् तेवढ्यात तुमच्याच ऑफिसातून चार फोन आले असते, किती वेळ लागायलाय म्हणून. नियमात दोन्ही बाजूंनी अर्थ करा लिहिलंय, दोन बाजूंना दोन रॉड तरी लागतेत का नाही?

जुना_फोरमन

मी वीज मंडळाच्या काळातला, २००५ च्या आधी निम्मी नोकरी झाली, आता रिटायर. पहिलं सांगतो, तेव्हा सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यातला मी नाही, तेव्हाही माणसं गेली, माझ्या गँगमधला एक माझ्यासमोर गेला. पण एक गोष्ट होती. आमचा फोरमन एबी स्विच तोडला की हँडलला साखळी घालून कुलूप लावायचा, "लाईनवर माणसं काम करत आहेत" ही पाटी अडकवायचा आणि किल्ली स्वतःच्या बंडीच्या खिशात. काम झालं, सगळी माणसं खाली उतरली, डोकी मोजली, मगच किल्ली बाहेर. आणि कुलूप लावायच्या आधी मान वर करून तिन्ही ब्लेडं मोठ्यानं मोजायचा, एक, दोन, तीन. आम्ही पोरं हसायचो त्याला. आता आमच्या गावाजवळचे स्विच बघतो तर हँडलला साधी कडी नाही, कोणीही येऊन वर ढकलील. कुलपाला काय भरती लागते का?

तरी इंजिनिअर साहेब, तुमच्याशी एका ठिकाणी सहमत नाही. हातमोजे डिक्कीत सापडले म्हणून दोष माणसाचा, हे सोपं उत्तर आहे. गँग होती तेव्हा मोजे न घालणाऱ्याला फोरमन खालूनच शिवी द्यायचा. एकट्या माणसाला कोण शिवी देणार?

उदगीरची_ताई

मी बोलू का. माझे मिस्टर लाईनवरच आहेत. निघताना अंगठी काढून देव्हाऱ्यात ठेवतेत, परत आले की घालतेत. लग्नाला चौदा वर्षं झाली. अंगठी देव्हाऱ्यात दिसती तोवर मी जेवत नाही, सवयच लागली तशी. २०२५ च्या सप्टेंबरमधे मराठवाड्यात पूर आला तेव्हा अंगठी तीन दिवस तिथंच होती. मधी एकदा फोन लागला तर म्हणले पोल वाहून गेलेत, उभे करायलोत, अन् बोलता बोलता गप्पच झाले. मला वाटलं काय झालं. झोप लागली होती त्यांना, फोन कानाला तसाच. मग असा माणूस अर्ध्या तासानं परत पोलवर चढतो. तुम्ही सगळे मोज्याचं बोलायलाव, रॉडचं बोलायलाव, झोपेचं पण कोणीतरी लिहा बैठकीत. दुसरा माणूस असला तर एकजण तीन तास तरी झोपंल.

युनियनचा_माणूस_जालना

ताईंचा मुद्दा आमच्या निवेदनात नव्हता, घेतो. अजून एक. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. आमची बाकीच्या कामगार संहितांवर हरकत आहे ती वेगळी, पण हिच्यात लिहिलंय की जिवाला लगेच धोका आहे असं कामगाराला रास्त वाटलं तर तो मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. म्हणजे "एकटा आहे, अंधार आहे, रॉड नाही" असा मेसेज वेळ टाकून पाठवणं हा तुमचा हक्क आहे. पोरांनो, तोंडी नका सांगू, लिहा.

उपविभाग_अभियंता

कालपासून हा धागा डोक्यात आहे. फोरमन काकांचं कुलपाचं आणि रॉडचं मला मान्य आहे, त्यासाठी मुख्यालयाकडे बघायची गरज नाही, एवढी खरेदी उपविभाग करू शकतो. एका माणसामागे दोन रॉड लगेच नाही जमणार पण गाडीमागे दोन देता येतील.

सरसकट बंदीला मात्र मी अजूनही विरोधच करीन, कारण शेतकरी दादांनी जे लिहिलं ते मी रोज बघतो. माझं मत असं, अकरा केव्हीवर सूर्यास्तानंतर एकट्यानं काम नाही, कोणाचाही फोन आला तरी, माझासुद्धा. हे मी लेखी द्यायला तयार आहे आणि सरपंचाशी मीच बोलेन. दिवसाची फ्यूज कॉल एका माणसानं करावी. आणि तुमच्याकडूनही काहीतरी हवं. रजिस्टरला नंबर पडल्याशिवाय परमिट नाही, नुसत्या फोनवर नाही. आणि झिरोला स्वतःहून पोलवर चढवणारा आपलाच माणूस सापडला तर त्याच्यावर कारवाई होईल, तेव्हा युनियननं मध्ये येऊ नये. चढवतात आपली माणसं, मला माहीत आहे.

लाईनवाला_परभणी

चढवतात. खोटं कशाला बोलू, मी बी चढवलाय एकदा, ताप होता अंगात अन् गावात लग्न होतं.

सूर्यास्ताचं लेखी देत असाल तर ती सुरुवात आहे, घेतो मी. पण एलटी (घराघरात जाणारी कमी दाबाची लाईन) सोपी समजू नका साहेब, ४१५ व्होल्टला माणूस चिकटला तर त्याला सोडवायला खाली कोणी लागतंयच, दिवस असो का रात्र. ते मी सोडणार नाही, पुढच्या बैठकीत परत मांडणार. झोपेचं पण. अन् परमिट रजिस्टरला ठेकेदाराच्या पोराचं नाव आलं पाहिजे, कोण कुठल्या पोलवर आहे ते. नाव नसलं तर ऑपरेटरला वर माणूस आहे हे कळणारच नाही.

साडेसात_एचपी

सरपंचाशी बोलणार म्हणता ते रात्री अकरा वाजता बोला साहेब, सकाळी नाही. अन् उद्या म्हणजे किती वाजता ते सांगत जा. सात म्हणले अन् सातला आले तर आमच्या गावातलं कोणी चढणार नाही, ते माझ्याकडं लागलं.

आयटीआय_वायरमन२३

साहेब, रजिस्टरला माझं नाव खरंच येतंय का?

उपविभाग_अभियंता

तुझा उपविभाग माझ्याकडे नाही, पण पद्धत सांगतो. ठेकेदाराचं पत्र लागेल, तू सक्षम आहेस असं. आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आधारची झेरॉक्स घेऊन सोमवारी तुमच्या साहेबांना भेट, हा धागा दाखव. पत्र द्यायला ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर तसं लिहून दे.

आयटीआय_वायरमन२३

जातो साहेब. सोमवारी पलीकडच्या सेक्शनला डीपी बदलायचीय, ती झाली की तिकडूनच जातो.