विसरण, परासरण आणि काकडीला सुटलेलं पाणी

लेक आठवीत आहे, मराठी माध्यमात. काल विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली आणि विचारते, "आई, विसरण म्हणजे विसरून जाणं ना?" हसले खरी, पण 'विसरण' आणि 'परासरण' यांतला फरक मलाही शब्दावरून सांगता येईना. दोन्हीकडे 'सरण', आणि सरण म्हटलं की मला तरी स्मशानच आठवतं. शिवाय पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला म्हणतात ते 'पटल'. साधा 'पडदा' का चालत नाही?

—

ताई, हे सरण लाकडांचं नव्हे. 'सृ' म्हणजे पुढे जाणं, वाहणं; 'सरिता', 'प्रसार' त्याच घरातले. 'वि' लागला की चहूकडे पसरणं. देवघरातल्या उदबत्तीचा वास बाहेरच्या खोलीत येतो ते विसरण, तिथे पटल असायलाच हवं असं नाही. परासरणाला मात्र पटल हवंच, आणि त्यातून जातं ते पाणी. हे सगळं 'परा' या दोन अक्षरांतून कुणाला कळणार? घडवलेली संज्ञा आहे, पाठच करावी लागते.

पण हाच फरक आपण स्वयंपाकघरात रोज बोलतो. काकडी चोचवून मीठ लावलं की तिला पाणी 'सुटतं'. बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशीतलं पाणी पटलातून बाहेर येतं. मिठाला मात्र पटल सहजासहजी आत घेत नाही. हे परासरण. आतला रस आटून पटल भित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या कडक भिंतीपासून, सुटतं; त्याला पुस्तकात 'रससंकोच' म्हणतात. लोणचं मात्र 'मुरतं'. मिठात राहून फोडीतल्या पेशी मरतात, पटलाची राखण संपते आणि खार थेट आत शिरतो. ते विसरण. पाणी सुटायला दहा मिनिटं पुरतात, मुरायला काही आठवडे लागतात.

लेकीला बीट चिरून दाखवा. गार पाण्यात दोन-तीनदा धुतलं की कापलेल्या पेशींचा रंग निघून जातो आणि पाणी जवळजवळ स्वच्छ येऊ लागतं. तीच फोड उकळत्या पाण्यात टाका, पातेलं लालभडक. उष्णतेनं पटलं फाटली.

—

'पडदा' चालतो की, बोलताना मीही तेच म्हणतो. 'पटल' म्हणजे आच्छादन, छप्पर, डोळ्यावर येणारा पातळ पापुद्रा. 'दृष्टिपटल' त्यातलंच. पण विधानसभेत कागद 'पटलावर' ठेवतात ना, त्यामुळे मनात काहीतरी ताठ, सपाट उभं राहतं. पेशीपटल तसं नाही. ते तेलकट आहे आणि जागच्या जागी वाहतं आहे. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला, तर त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. म्हणजे मेदाच्या रेणूंचे थर दोन: रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी त्यात प्रथिनं बसवली आणि त्या रचनेला 'फ्लुइड मोझॅक', म्हणजे प्रवाही मोझॅक, म्हटलं. जुन्या घरातल्या मोझॅक टाइल्स मात्र डोळ्यांपुढे आणू नका, तिथले तुकडे सिमेंटात घट्ट बसलेले असतात. इथले सरकतात. आणि जाडी किती, तर सात-आठ नॅनोमीटर!

—

पटल काही पदार्थांना जाऊ देतं, काहींना अडवतं, म्हणून पुस्तकात त्याला 'निवडक्षम' म्हणतात. हा शब्द मला आवडतो, कारण निवड खरंच होते. ऑक्सिजन मेदातून सरळ जातो. पाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा असतात. त्या शोधल्याबद्दल पीटर आग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. सोडियमचे तीन आयन बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आत, असं ढकलणारा पटलातला पंप तर ऊर्जा खर्च करून उलट्या दिशेनं, कमीकडून जास्तीकडे, चालतो. त्याला विसरण म्हणू नये.

माझी तक्रार 'अवपरासारी' (पेशीपेक्षा कमी क्षारांचं) आणि 'अतिपरासारी' (जास्त क्षारांचं) या शब्दांबद्दल आहे. मुलांना वाटतं हे पेशीचं वर्णन. अहो, ते बाहेरच्या द्रावणाचं! सलाईन 'समपरासारी', म्हणजे पेशीच्या बरोबरीचं, लिटरला ९ ग्रॅम मीठ. शिरेत साधं पाणी गेलं तर ते 'अवपरासारी', आणि तांबड्या पेशी फुगून फुटतात.

—

बीट करून पाहिलं, अगदी तसंच झालं. काकडीही झाली. लेकीनं वहीत लिहिलंय, "काकडीला परासरण सुटलं." उद्या बाई काय शेरा देतात ते कळवते.