मदत हवी आहे: 'कुजणारा' मल्चिंग पेपर खरंच कुजतो का?

नमस्कार मंडळी. आष्ट्याजवळ (जि. सांगली) आमची टोमॅटो-मिरचीची शेती आहे. गेल्या हंगामात 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकला जाणारा मल्चिंग पेपर (माती झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म) अंथरला होता. पीक निघालं, रोटर मारला, आणि आता ढेकूळ फोडलं की नखाएवढे काळे तुकडे हाताला लागतात. चिमटीत ओढले तर पटकन फाटतात, पण मातीत विरलेले नाहीत.

असे पेपर बहुधा पीएलए आणि पीबीएटी या कुजणाऱ्या प्लास्टिकचे असतात. पीएलएला लवकर कुजायला ५८-६० अंश उष्णता लागते, ती कंपोस्ट प्रकल्पात मिळते, आपल्या रानात कुठून येणार? पीबीएटी मात्र मातीतही कुजतो: आधी पाणी आणि जिवाणूंची विकरं त्याच्या लांब साखळ्या तोडतात, मग जिवाणू ते तुकडे खातात. युरोपच्या ईएन १७०३३ मानकातसुद्धा मातीत ९० टक्के कुजायला २ वर्षांची मुदत आहे, तेव्हा वाट बघायला माझी ना नाही. धास्ती आहे ती ऑक्सो प्रकाराची. साध्या पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार घातलेले असतात, त्याचा नुसता भुगा होतो आणि तो वेचताही येत नाही.

गुंडाळीवर घटक छापलेले नाहीत. दुकानदार म्हणतो, "कुजतोय की, थांबा जरा."

पॉलिथिन पाण्यावर तरंगतं, पीबीएटी बुडतो. पण तुकड्याला माती चिकटलेली असताना या परीक्षेवर विसंबावं का? सांगली-साताऱ्यात असा पेपर कुठे तपासून मिळतो? याच रानात आडसाली ऊस लावायचाय, त्याआधी तुकडे वेचून काढू का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.