अनारसे तुपात हसतात, नेमकं काय चुकतंय?

हिरवी_वेलची
१७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. जावयाच्या वाणाला ३३ अनारसे घरीच करायचे आहेत. तालीम म्हणून पाव किलो तांदळाचं पीठ करून पाहिलं. जुना कोलम, तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, निथळून फडक्यावर पसरला, मिक्सरवर दळून चाळला. मग एक वाटी पिठाला एक वाटी किसलेला गूळ, दाबून भरलेला. तीन दिवस डब्यात ठेवलं. तळायला घेतलं तर पहिला अनारसा तुपात सोडल्याबरोबर हसला. कडा सुटत गेल्या आणि कढईत नुसता चुरा. दुसरा थोडा टिकला, पण झाऱ्यावर घेताना मोडला.
हे पीठ वाचेल का? शिवाय या उकाड्यात तांदळाच्या पाण्याला दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो, तो चालतो का?

जाळीदार
गूळ जास्त झालाय. तूप तापलं की गूळ पातळ होतो आणि पिठाला तो धरून ठेवता येत नाही, म्हणून अनारसा हसतो.
वाटीला वाटी हे माप इथे फसवतं. चाळलेलं पीठ हलकं आणि फुगलेलं असतं, दाबून भरलेला गूळ जड असतो. वाटी तीच, पण वजनाने गूळ बराच जास्त पडतो. जुन्या बायका ‘तांदळाइतकाच गूळ’ म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त तो हिशोब कोरड्या तांदळाचा आहे. अर्धा किलो तांदूळ भिजून निथळला की साधारण ६३० ते ६५० ग्रॅम भरतो. म्हणजे गूळ ५०० ग्रॅमच घ्यायचा. पिठावरूनच मोजायचं तर ५०० ग्रॅम ओलसर पिठाला ३८० ते ४०० ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा या एका पदार्थासाठी काढाच. काटा नसेल तर चार वाट्या पिठाला तीन वाट्या गूळ, न दाबता.
चिकीचा गूळ घेऊ नका, अनारसे दगड होतात. साधा पिवळा, मऊ, खारट नसलेला गूळ बारीक किसणीवर किसून घ्या. एकही खडा राहता कामा नये. तुपात खडा वितळला की तिथे भोक पडतं आणि तिथूनच अनारसा फाटतो.
आहे ते पीठ वाचेल. भिजवून दळलेलं ओलसर पीठ थोडं उरलं असेल तर तेच मिसळा, नसेल तर बाजारचं कोरडं तांदळाचं पीठ. एका वेळी दोन मोठे चमचे, नीट मळून, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी एकच तळून बघा. एकदम जास्त पीठ घातलंत तर हसणं थांबेल, पण जाळीही पडणार नाही. पुढच्या वेळी दळलेल्या पिठातलं वाटीभर आधीच फ्रीजमध्ये राखून ठेवा, म्हणजे ही धावपळ नको.

पाटा_वरवंटा
गुळाचं पटलं. पण पिठाचा ओलावाही तपासा, कारण अनारशाच्या पिठात वरून पाणी घालत नाहीत. गूळ विरघळतो तो तांदळाने धरलेल्या ओलाव्यात. तांदूळ निथळून सुती फडक्यावर, सावलीत, पंख्याखाली २० ते ३० मिनिटं पुरे. मुठीत धरला की दाणे तळव्याला चिकटले पाहिजेत, पण हात ओला व्हायला नको. मे महिन्यात इतका वेळही लागत नाही, १५ मिनिटांनी हात लावून बघा. खडखडीत वाळला तर गूळ विरघळत नाही, पीठ भुरभुरीत राहतं, मग कोणीतरी दुधाचा हात लावतं आणि पुढे तळताना गोंधळ. उलट चातुर्मासात दमट हवेमुळे तांदूळ वाळतच नाही, तिथे तासभरही लागतो.
दळताना मिक्सर थोडा थोडा भरा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेली कणी पुन्हा दळा.
वासाचं असं आहे: हलका आंबूस वास हवाच, आंबण्यामुळेच जाळी पडते. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी बदला आणि तिसऱ्या दिवशी भांडं फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. पण तांदूळ बुळबुळीत झाला, गुलाबी किंवा काळसर झाक आली, कुजका वास आला, तर सरळ टाकून द्या. गूळ घातल्याने ते झाकलं जात नाही.
तांदूळ कोलम ठीक आहे, साधा जाडाही चांगला. इंद्रायणी नको, चिकट पडतो. उकडा तर नाहीच.

हिरवी_वेलची
धन्यवाद, दोघांनाही. काट्यावर मोजलं: माझी वाटीभर पीठ ११५ ग्रॅम आणि दाबलेला गूळ १६० ग्रॅम! आता कळलं. पीठ तयार झालं हे ओळखायचं कसं? आणि तळताना तूप किती तापवायचं?

जाळीदार
११५ ग्रॅम पिठाला ९० च्या आसपास गूळ पुरतो, १६० म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट, हसणारच. मग दोन चमच्यांनी भागणार नाही, बरंच पीठ लागेल, तरी घालायचं टप्प्याटप्प्यानेच.
पीठ आणि गूळ एकत्र केल्यावर पहिल्या दिवशी ते कोरडं, चुरचुरीत वाटतं. घाबरून दूध घालू नका. चमचाभर तूप लावून घट्ट गोळे वळा, बरणीत दाबून भरा. दुसऱ्या दिवशी गूळ सुटून गोळे मऊ होतात. एकदा सगळं काढून मळा, परत भरा. चौथ्या-पाचव्या दिवशी गोळा मोडला की आत बारीक छिद्रं दिसतात, तेव्हा झालं. तीन दिवस दिवाळीच्या हवेत कमीच पडतात, मेमध्ये पुरतात. त्यानंतर बरणी फ्रीजमध्ये, पीठ महिनाभर सहज राहतं. थापण्याआधी दीड-दोन तास बाहेर काढून ठेवायचं.

खसखस_वरच्या_बाजूने
तळणीचं मी सांगते, अर्धे अनारसे तिथेच बिघडतात.
लिंबाएवढा, साधारण २५ ग्रॅमचा गोळा. केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर खसखस पसरा, त्यावर गोळा ठेवून बोटांनी थापा. पुरीपेक्षा थोडा जाड, कडा आणि मध्य सारखा. मध्ये पातळ राहिला की तिथेच फाटतो.
पसरट कढईत दोन बोटं तूप. चण्याएवढं पीठ टाकून बघा: हळूहळू बुडबुडे सोडत वर आलं तर तूप तयार. टाकल्याबरोबर उसळून लाल झालं तर जास्त तापलंय, बाहेरून करपून आत कच्चा राहतो. तळाशी बसून पसरलं तर थंड आहे, आणि थंड तुपात बरोबर मापाचा अनारसाही हसतो. मंद ते मध्यम आच. एका वेळी एकच.
खसखस वर ठेवून सोडा आणि उलटू नका. उलटला की खसखस तुपात सुटते, जळते, पुढचे सगळे काळे ठिपक्यांचे होतात. झाऱ्याने वरच्या बाजूवर गरम तूप उडवत राहा, जाळी तिथेच फुलते. बदामी रंग आला की झाऱ्यावर तिरका करून निथळा आणि चाळणीत उभा ठेवा. गरम असताना तो लिबलिबीतच असतो, गार झाल्यावर कुरकुरीत होतो. एकावर एक रचले तर मऊ पडतात.
गार होऊनही चिवट राहिला तर पीठ घट्ट होतं. तेव्हा पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळा. जास्त केळं घातलं तर रंग काळपट येतो आणि तूप पितो.

खाडीपलीकडे
परदेशातल्यांसाठी एक: अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस नेण्यावर बंदी आहे, सामानात अजिबात ठेवू नका. खसखशीऐवजी बारीक रवा किंवा पांढरे तीळ लावा. तीळ तळताना लवकर लाल होतात, आच आणखी कमी ठेवा. थंडीच्या देशात पीठ आंबत नसेल तर बरणी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. पावडर गूळ मिळत असेल तर तो कोरडा असतो, तांदूळ पाच-दहा मिनिटं कमी वाळवा.

पाटा_वरवंटा
वाणाचा हिशोब राहिला. अर्धा किलो तांदूळ आणि अर्धा किलो गुळाचं पीठ साधारण ११५० ग्रॅम होतं, २५ ग्रॅमच्या गोळ्याने ४५ च्या आसपास अनारसे. ३३ ताम्हणात, बाकीचे मोडण्या-फुटण्याला आणि घरच्यांना. वाण ज्या दिवशी द्यायचं त्याच्या नऊ दिवस आधी तांदूळ भिजत घाला: तीन दिवस भिजवण, चार-पाच दिवस पीठ, आणि आदल्या दिवशी तळण. आधी तळलेत तर पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

हिरवी_वेलची
पिठात १०० ग्रॅम कोरडं पीठ टप्प्याटप्प्याने मिसळून रात्रभर ठेवलं होतं. आज सकाळचा अनारसा अख्खा बाहेर आला, जाळीसकट. कडा अजून थोड्या सुटतात.

जाळीदार
आणखी एक मोठा चमचा पीठ आणि थापताना कडा बोटाने जरा दाबून घ्या.